आजी – साडेसहा तास

रविवारच्या जेवणाला नॉरीन ऑफिसची बॅग घेऊन आली, तेव्हाच तिच्या भावजयीने, ट्रीनाने, ओळखलं, की काहीतरी बिघडलंय. क्लूस्नरांच्या घरी रविवारी माणसं झाकलेलं भांडं घेऊन येतात, नाहीतर हात हलवत येतात. बॅग घेऊन आजवर दोघेच आले होते. एक विम्याचा एजंट, आणि दुसरा नॉरीनचा तेव्हाचा नवरा, तोही घटस्फोटाच्या कागदांवर सही घ्यायला.

"सगळं ठीक ना?" ट्रीनाने विचारलं.

"जेवण झाल्यावर बोलू," नॉरीन म्हणाली. अर्थातच त्यानंतर कोणालाही धड जेवण गेलं नाही.

कोणालाही म्हणजे मोठ्यांना. कॉल्टनला, म्हणजे ट्रीनाच्या लेकाला, जेवायची परवानगीच नव्हती. येत्या शनिवारी कॉन्फरन्सच्या, म्हणजे आसपासच्या विद्यापीठांच्या गटाच्या, कुस्त्या होत्या आणि एकशे एकोणपन्नास पौंडांच्या गटात बसायला त्याला अजून पाच पौंड उतरवायचे होते. त्याच्यापुढे एक उकडलेलं अंडं आणि अर्धं सफरचंद होतं. टेबलाच्या मधोमध आजीने केलेले हॅमचे गोळे टोमॅटोच्या गोड रसात लकाकत होते, आणि पोरगं त्यांच्याकडे अशा नजरेने बघत होतं, की तसं त्याने अजून एकाही मुलीकडे बघितलं नसेल.

या घरात कुस्ती म्हणजे धर्म होता आणि चर्च त्याच्या नंतर. म्हातारे लीलँड, म्हणजे नॉरीनचे वडील, त्रेसष्ट साली कॉन्फरन्स जिंकले होते. त्यांचे दोन्ही कान मॅटवर घासून घासून असे चुरगळले होते, की चष्म्याची काडी अडकवायलाही जागा शोधावी लागे. त्यांचा थोरला, ट्रीनाचा नवरा डुएन, एकोणनव्वद साली फायनलला हरला, आणि ती फायनल तो अजून हरतोच आहे, दर रविवारी, कॉफीबरोबर. मधल्या काळात त्याने गावच्या शाळेत पोरांना कुस्ती शिकवली, स्वतःच्या पोराला चौथ्या वर्षी मॅटवर उतरवलं, आणि आता येत्या शनिवारकडे डोळे लावून बसला होता. कॉल्टन या मोसमात एकदाच हरला होता. शनिवारी जिंकला असता तर क्लूस्नरांच्या नावावर आणखी एक विजेतेपद लागलं असतं आणि डुएनची कॉफी एकदाची गोड झाली असती.

या पैलवानांच्या घरात नीट कानांची एकटी नॉरीन. वेस्ट फोर्क विद्यापीठात, जिथे कॉल्टनही शिकत होता, साडेचारशे खेळाडू होते आणि त्यांनी आपला अभ्यास आपणच करावा, हे बघायला विद्यापीठाने तिला नेमलं होतं. बावीस वर्षं ती हेच करत होती. कोणाला वर्गात झोप येते, कोणाचा निबंध कोणाची मैत्रीण लिहिते, कोणता प्रशिक्षक कोणत्या प्राध्यापकाला फोन करतो, सगळं तिला ठाऊक असे. प्रशिक्षक तिला पाठीमागे काय म्हणत, तेही तिला ठाऊक होतं.

जेवण उरकलं. मार्डेलने, नॉरीनच्या आईने, कॉफी ओतली. ती एक्क्याऐंशीची होती, पण अजून किटलीचा एक थेंब इकडचा तिकडे होत नसे. नॉरीनने बॅगेतून एक कागद काढून टेबलावर ठेवला.

ते मदतपत्रक होतं. अकरा वर्षांपूर्वी नॉरीनने स्वतः ते पत्रक तयार केलं होतं. खेळाडूने कुठलाही निबंध दिला, की सोबत हा कागद भरून तिच्या ऑफिसात द्यायचा. मदत कोणी केली, किती वेळ केली, काय केली. अकरा वर्षांत लोकांनी त्यावर 'कोणी नाही' लिहिलं होतं, 'देव' लिहिलं होतं, आणि बास्केटबॉलच्या एका सहा फूट दहा इंची पोराने 'घाम' लिहिलं होतं. ते कागद नॉरीनशिवाय कोणी वाचत नसे. ती मात्र दर शुक्रवारी दुपारी दार लावून एकूणएक वाचायची.

"कॉल्टन," ती म्हणाली, "हे अक्षर तुझं?"

"हो, आत्या."

नॉरीनने चष्मा लावला आणि वाचलं, "विषय, ग्रामीण समाजशास्त्र. निबंध, 'शाळा बंद झाल्यावर गावाचं काय होतं'. मदत कोणी केली: आजी. किती वेळ: साडेसहा तास. काय मदत केली," इथे तिने एक घोट कॉफी घेतली, "टायपिंग, थोडे विचार, शेवट."

मार्डेलने साखरेचं भांडं उगाचच एक इंच सरकवलं.

"हात दाखवून अवलक्षण!" डुएन ओरडला. "लेका, हे लिहून कशाला दिलंस?"

"तिथे विचारलं होतं," कॉल्टन म्हणाला.

"विचारतात रे! डॉक्टरही विचारतात, बियर किती पिता म्हणून. म्हणून काय खरं सांगायचं?"

"डुएन," नॉरीन म्हणाली, "तू शिक्षक आहेस."

"कुस्तीचा!"

नॉरीनने तो निबंध शुक्रवारी संध्याकाळी वाचला होता. सहा पानं. गावाची शाळा शेजारच्या गावच्या शाळेत विलीन झाली त्या वर्षाबद्दल. शेवटच्या पानावर लिहिलं होतं, की शाळा बंद झाली त्या रात्री मैदानावरचा गुणफलक कोणी विझवलाच नाही, आणि चार दिवस रिकाम्या मैदानावर यजमान शून्य, पाहुणे शून्य, असा लाल उजेड पडत राहिला. ते वाचून नॉरीनला ऑफिसात एकटीला रडू आलं होतं. डोळे पुसल्यावर तिला कळलं होतं, की आपला भाचा असं लिहिणं शक्य नाही. गेल्या नाताळात त्याने तिला जे कार्ड दिलं, त्यात 'हॅपी' आणि 'कॉल्टन' एवढेच शब्द होते.

"प्राध्यापकांनी त्याला अ श्रेणी दिली आहे," ती म्हणाली. "आणि खाली लिहिलंय, 'तुझ्यात एक लेखक दडलाय'."

"असं लिहिलंय?" मार्डेल एकदम म्हणाली. "नक्की हेच शब्द?"

"आई!"

"मी फक्त विचारलं."

"आता काय होणार?" ट्रीनाने विचारलं. तिला सरळ प्रश्न विचारायची सवय होती. ती दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती.

नॉरीनने सांगितलं. सोमवारी सकाळी नऊला तिला हे नियमांच्या कचेरीत लेखी द्यावं लागेल. आत्या आहे म्हणून निकाल तिच्या हातात नाही, तो समिती देईल. पण प्रकरण चालू असेपर्यंत खेळाडूला मॅटवर उतरता येत नाही.

"म्हणजे शनिवार गेला," डुएन म्हणाला. त्याचा चेहरा असा पडला, की नॉरीनला क्षणभर एकोणनव्वद सालचा तो बावीस वर्षांचा भाऊ दिसला, हॉलच्या बाहेर बर्फात बूट हातात घेऊन उभा असलेला. तेव्हा ती नुसतीच शेजारी उभी राहिली होती.

"गेला," ती म्हणाली.

डुएनने कागद ओढून घेतला, उजेडात धरला, आणि त्याचे डोळे चमकले. "नॉरी, हे बघ. इथे सहा लिहिलंय आणि पुढे अर्धा. बरोबर? सहा खोडलं की उरतो अर्धा. अर्धा तास पोरगं आजीशी बोललं. हा काय गुन्हा आहे?"

"आणि 'शेवट' कसा खोडशील?"

"कॉफी सांडू त्याच्यावर."

"बाबा," नॉरीन वडिलांकडे वळली, "तुम्ही तरी याला सांगा."

लीलँडना ऐकू कमी यायचं, पण जेवढं ऐकायचं तेवढं बरोबर यायचं. ते हॅमच्या गोळ्याचे चार सारखे तुकडे करत होते. "पोरगं लढू दे," ते म्हणाले. "बाकीचं नंतर बघू."

बाप आणि भाऊ एका बाजूला, नॉरीन एकटी दुसऱ्या बाजूला. हे तिला नवीन नव्हतं. घरची शेवटची मोठी कोंबडी कोणी मारली इथपासून नॉरीनच्या स्वतःच्या आजीच्या शवपेटीवर कुठली फुलं हवीत इथपर्यंत, क्लूस्नरांच्या प्रत्येक वादात ती एकटीच असायची आणि बहुतेक वेळा बरोबरही असायची, त्यामुळे तर लोक जास्तच चिडत.

नॉरीनने भावजयीकडे बघितलं. ट्रीना कागदाकडे बघत होती, आणि मग ती सासूकडे वळली.

"साडेसहा तास?" ट्रीना म्हणाली. "मार्डेल, तो तुमच्याकडे बसून साडेसहा तास बोलला? मला हा फोनवर सहा मिनिटं देत नाही! मी विचारते, कसा आहेस, तर म्हणतो, बरा. जेवलास का, तर नाही. संपलं!"

"तो बुधवारी येतो ना कपडे धुवायला," मार्डेल म्हणाली. "मशीनचा एक तास असतो. मग वाळवायचा एक तास."

"मशीन माझ्याकडेही आहे!"

"मम्मी," कॉल्टन हळूच म्हणाला, "तू कपड्यांना खूप वास लावतेस. फुलांचा. पोरं हसतात."

ट्रीनाने एवढंच ऐकलं आणि खुर्चीसकट नॉरीनच्या बाजूला सरकली. तशी सरकताना खुर्चीने फरशीवर मोठा आवाज केला, आणि टेबलावरचं गणित बदललं.

"मी नॉरीनच्या बाजूने आहे," ती म्हणाली. "दुसऱ्याने लिहिलेला निबंध आपला म्हणून द्यायचा नसतो. आणि दुसऱ्याच्या पोराचा निबंध लिहायचाही नसतो. विचारल्याशिवाय."

"ट्रीना! शनिवार!" डुएन कळवळला.

"शनिवार दर आठवड्याला येतो."

नॉरीन कॉल्टनकडे वळली. तिच्या मनात खरा प्रश्न हाच होता, आणि तो तिने दोन दिवस जपून ठेवला होता. "तुला खरंच वाटलं, की हे चालतं?"

कॉल्टनने अंडं बशीत गोल फिरवलं. "तुझ्या ऑफिसच्या भिंतीवर यादी आहे, आत्या. ट्यूटर, प्रशिक्षक, मैत्रीण, संघातला मित्र, कॉम्प्युटर, यांच्याकडून लिहून घ्यायचं नाही. मी सगळी यादी वाचली. आजी नाही त्यात."

बावीस वर्षांत नॉरीनने एकेक चोरवाट शोधून बुजवली होती. त्या यादीसाठी तिने तीन राज्यांतल्या परिषदांत भाषणं केली होती. आजी मात्र तिच्या डोक्यात आली नव्हती. कुंपणच शेत खातं, हे तिला माहीत होतं, पण ते कुंपण हॅमचे गोळे करत असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"यादीचं सोड. तुझ्या मनाला काय वाटलं?"

"पहिल्या बुधवारी वाटलं, चालतंय," कॉल्टन म्हणाला. "तिसऱ्या बुधवारी ती शेवटचा भाग लिहीत होती आणि मी अंडं खात होतो, तेव्हा जरा कमी वाटलं. म्हणून तर पत्रकात लिहिलं."

नॉरीनला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी आणि कानफटात द्यावीशी वाटली. एवढ्यात डुएनचा राग, ज्याला जायला दुसरी वाट उरली नव्हती, आपल्या आईकडे वळला.

"आई, पण तुला काय गरज होती? पोरगं चार ओळी लिहून मोकळं झालं असतं. क श्रेणी मिळाली असती. क घेऊन कोणी मरतं का? कुस्ती खेळायला क पुरते! तुला कोणी सांगितलं होतं लेखक व्हायला?"

मार्डेलने किटली खाली ठेवली. ठेवताना पहिल्यांदाच तिचा थेंब सांडला.

"डुएन," ती शांतपणे म्हणाली, "तुझी पशुखाद्यावरची ती बारा पानं आठवतात?"

डुएन खुर्चीत मागे सरकला.

"कोणती बारा पानं?" ट्रीनाने विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी साली. 'हिवाळ्यातील गुरांचा आहार'. तू दीड पान आणलं होतंस, बाळा. त्यात अर्धं पान तुझं नाव होतं."

"तू मला टाइप करून दिलंस, आई! नुसतं टाइप!"

"मी विस्तार करून दिला."

ट्रीना नवऱ्याकडे बघत होती. मग तिच्या मनात काहीतरी आलं आणि ती पांढरी पडली. "आणि लग्नाआधी मला आलेली पत्रं?"

"ती त्याचीच," मार्डेल म्हणाली. "वाचून कळत नाही का?"

ट्रीनाला हायसंही वाटलं आणि वाईटही वाटलं, आणि यातलं आधी कोणतं, ते तिचं तिलाही ठरवता आलं नसावं. डुएनने तोंडात आणखी एक गोळा घातला, म्हणजे बोलायला नको.

नॉरीन मात्र उठून उभी राहिली होती. तिच्या डोक्यात एक हिशोब जुळत होता आणि तो तिला जुळायला नको होता. "आई," ती म्हणाली, "हे कधीपासून?"

मार्डेलने नवऱ्याकडे बघितलं. लीलँड उरलेल्या तुकड्याचे आणखी दोन तुकडे करत होते.

"बासष्टपासून," मार्डेल म्हणाली. "मी डीनच्या ऑफिसात टायपिस्ट होते ना. पोरं निबंध आणायची टाइप करायला. हा आला. एवढा मोठा माणूस, आणि हातात एवढुसा कागद. रोमन साम्राज्य का पडलं, याच्यावर चार ओळी. चौथी ओळ होती, 'अशा प्रकारे ते पडलं'."

"पडलंच ना," लीलँड म्हणाले.

"मला झोप येईना. रोमन लोक असे चार ओळीत कसे पडतील? मी ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आणि सहा पानं करून दिली. मग दुसऱ्या आठवड्यात हा भूगोल घेऊन आला. मग फुलं घेऊन आला."

"विषय मी निवडायचो," लीलँड म्हणाले. "आणि तिला ग्रंथालयात गाडीने सोडायचो. बाहेर थांबायचो. कधीकधी खूप वेळ थांबावं लागायचं."

नॉरीन खाली बसली. ज्या वडिलांचा फोटो तिच्या ऑफिसात खुर्चीच्या बरोबर मागे होता, 'खेळाडूही आणि पदवीधरही' असं खाली लिहिलेला, ते हे. आई-वडिलांच्या लग्नाला साठ वर्षं झाली होती, आणि त्या लग्नाचा पायाच तिच्या नियमावलीच्या चौथ्या कलमात बसत होता. दुसऱ्या कोणी ही गोष्ट सांगितली असती तर ती पोट धरून हसली असती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

पण तिच्या तोंडून जे आलं, ते नियमाबद्दल नव्हतं.

"बाबांचं लिहिलंस. डुएनचं लिहिलंस. कॉल्टनचं लिहिलंस," ती म्हणाली, आणि बावन्नाव्या वर्षी तिचा आवाज शाळकरी पोरीसारखा झाला. "माझ्याशेजारी कधी बसली नाहीस, आई. मी वर खोलीत एकटी लिहायचे. मी एकदा विचारलंही होतं. तू म्हणालीस, तुला काय गरज."

कॉल्टनने अंडं फिरवायचं थांबवलं.

"तुला नव्हतीच गरज," मार्डेल म्हणाली. "मी दारात उभी राहायचे, नॉरी. तू मान खाली घालून लिहायचीस. तुला माहीत नाही, पण मी उभी राहायचे. मला वाटायचं, हिला शिकायला मिळतंय, आपण मध्ये हात घालायचा नाही. या दोघांचं काय, यांना नकोच होतं ते. यांनी टाकून दिलं असतं. म्हणून मी उचललं. मला आवडायचं गं. आता सांगते, खूप आवडायचं."

हे तिने असं सांगितलं, जशी एखादी बाई गुपचूप साखर खाल्ल्याचं कबूल करते. लीलँडनी सुरी खाली ठेवली. एवढ्या वर्षांत आपण बाहेर गाडीत थांबलो, आत जाऊन हिला काही विचारलं नाही, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं असावं. कारण त्यांनी आपला चुरगळलेला कान चोळला आणि म्हणाले, "पोरगं लढू दे म्हटलं मी मघाशी. ते मागे घेतो."

"बाबा!" डुएन ओरडला.

"ओरडू नकोस. मी त्रेसष्टला जिंकलो, ते मॅटवर. तिथे माझ्याऐवजी कोणी उतरलं नव्हतं. पण तिथवर मला हिने पोचवलं, आणि कुस्तीच्या हॉलमध्ये माझं एकट्याचं नाव लावलंय." ते कॉल्टनकडे वळले. "तुझं तू ठरव. आत्याला ठरवायला लावू नकोस. ते बरं नाही दिसत."

आता सगळे कॉल्टनकडे बघत होते, आणि त्याला ते बिलकूल आवडत नव्हतं. नॉरीनने खुर्ची पुढे ओढली.

"ऐक," ती म्हणाली. "मी उद्या नऊला देणार आहे, ते बदलणार नाही. तूही प्रयत्न करू नकोस आणि तुझ्या बापालाही सांग. पण त्याच्या आधी तू स्वतः प्राध्यापकांना कळवलंस, तर ती तुझी कबुली होईल. शनिवार दोन्हीकडून गेला. पण पुढचं वर्ष वाचेल."

"तू म्हणाली होतीस, खरं लिहिलं की तू पाठीशी उभी राहशील. ओरिएंटेशनला. माइकवर."

"उभी आहेच की. रिपोर्ट हातात घेऊन."

कॉल्टन हसला. मग हसू गेलं. त्याने बापाकडे बघितलं. डुएन टेबलक्लॉथवरचा एक कण नखाने उकरत होता. बराच वेळ उकरत होता.

"सोळा वर्षं," डुएन शेवटी म्हणाला. "सोळा वर्षं शनिवारी तुला घेऊन फिरलो." त्याने तो कण झटकून टाकला. "पुढच्या वर्षी किती पौंडाला उतरणार?"

"एकशे सत्तावन्न, बाबा. हे पाच पौंड मला मारतायत."

"मग लिही."

कॉल्टनने फोन काढला. घरातले पाचही जण त्याच्या खांद्यामागे गोळा झाले. तो अंगठ्याने एकेक अक्षर दाबत होता. 'सर. निबंद माझा नाही. आजीचा आहे. बराच. माफ करा. मी पुना लिहीन.'

"लेका, त्यात..." डुएनचा हात आपोआप पुढे गेला.

"हात खाली!" नॉरीन आणि ट्रीना एकदम ओरडल्या.

मार्डेलने दोन्ही हात एप्रनच्या खिशात कोंबले होते आणि ओठ मिटून घेतले होते. 'निबंद' बघून तिला काय यातना होत होत्या, ते सगळ्यांना दिसत होतं.

कॉल्टनने पाठवलं. फोन उलटा ठेवला. मग त्याने टेबलाच्या मधोमध हात लांबवून हॅमच्या गोळ्यांचं अख्खं भांडं आपल्याकडे ओढलं, मोठा चमचा घेतला, आणि खायला लागला. पहिले तीन गोळे त्याने चावले की नाही, देव जाणे. चौथ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते शनिवारसाठी होतं की गोळ्यांसाठी, हे विचारायचं शहाणपण कोणी केलं नाही. ट्रीनाने त्याला पाव दिला आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवला. त्याने तो फिरवू दिला.

भांडी आवरून झाल्यावर नॉरीनने कोट घातला. तिचं घर विद्यापीठाच्या गावात होतं, चाळीस मिनिटांवर. दारातून ती परत फिरली.

"आई, एक राहिलं. ज्याने मदत केली त्याचंही निवेदन लागतं. काय केलं, कसं केलं. दोन ओळी चालतील."

"दोन ओळी," मार्डेल म्हणाली. ते दोन शब्द तिने तोंडात धरून बघितले. "आत्ता हवं?"

"आत्ता दिलंस तर बरं."

मार्डेल शिवणाच्या खोलीत गेली. थोड्या वेळाने तिच्या जुन्या इलेक्ट्रिक टाइपरायटरचा आवाज सुरू झाला आणि थांबेचना. डुएन आणि ट्रीना कॉल्टनला घेऊन गेले. लीलँड खुर्चीत डुलक्या काढायला लागले. नॉरीन कोट घालून स्वयंपाकघरात बसून राहिली, मग उठून शिवणाच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिली. आईची मान खाली होती. दहाही बोटं चालत होती.

शेवटी मार्डेलने कागद ओढून काढले. चार पानं होती.

नॉरीनने उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली. 'माझं वय एक्क्याऐंशी. मी कॉलेजात शिकले नाही, पण मला तिथल्या तीन पिढ्यांच्या अभ्यासाची माहिती आहे.' पुढे बासष्ट साल होतं, ग्रंथालयातला हिरवा दिवा होता, बाहेर गाडीत थांबलेला एक मोठा माणूस होता, आणि आपल्या नातवाने खरं लिहिलं याबद्दलचा एक परिच्छेद होता, जो वाचताना नॉरीनला चष्मा काढावा लागला. माफी सगळ्यात शेवटी होती आणि फार लांबवलेली नव्हती.

"खाली कोणाचं नाव घालू?" मार्डेलने सवयीने विचारलं.

नॉरीनने चष्मा पुन्हा लावला.

"तुझं, आई," ती म्हणाली. "तुझंच."

मार्डेलने पेन घेतलं. सावकाश, शाळेत शिकवलेल्या वळणदार अक्षरांत तिने लिहिलं, मार्डेल अगाथा क्लूस्नर. शाई वाळेपर्यंत ती त्याच्याकडे बघत राहिली.

"याला मार्क कोण देतं?"

"मार्क नसतात याला. कबुलीजबाब आहे हा."

"नसू देत. पण कोणी वाचतं की नुसतं फायलीत लावतात?"

"समितीत पाच जण आहेत. पाचही जण वाचणार. शेवटपर्यंत."

मार्डेलने नॉरीनच्या हातातून कागद काढून घेतले. "मग थांब जरा," ती म्हणाली. "तिसरं पान मला पुन्हा करायला हवं."

नॉरीनने कोट काढून खुंटीला लावला, कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसली.